खिशातले जुने घडीचे चाकू जमवणारे लोक एकत्र भेटून नेमकं करतात काय? पुण्यात कोणी आहे का असं?

आहोत की. आणि करतो काय म्हणाल तर मोसंबी सोलतो :)

आम्ही पाच-सहा जण आहोत, रविवारी सकाळी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात चक्कर मारायची आणि मग जवळच्या अमृततुल्यात बसून कोणाला काय सापडलं ते बघायचं, एवढंच. एक काका आहेत, भोसरीत लेथवर आयुष्य गेलं त्यांचं, एक दातांचे डॉक्टर, एक इंजिनिअरिंगचा पोरगा, बाकी माझ्यासारखे नोकरदार. अशा लोकांची भीती नाही का वाटत, असंही कोणी विचारेल. वाटते, काकांच्या जिभेची.

चाकू म्हटलं की सगळ्यांना रामपुरीच आठवतो. आमचे चाकू म्हणजे तीन-साडेतीन इंचाचं पातं, नख अडकवायची खाच, पाठीला स्प्रिंग, बास. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाती येतात, त्याच्या आसपासही आम्ही जात नाही. तरी गणपतीच्या बंदोबस्तात किंवा शस्त्रबंदीचा आदेश निघाला की चाकू घरी, हा आमचा नियम, उगाच पोलिसांना समजावत कोण बसणार.

आता काकांचं सांगतो. मी नवीन असताना दीडशे रुपयांना एक गंजका चाकू उचलला, पात्याच्या बुडाशी एक चांदणी आणि अर्धामुर्धा क्रॉस दिसत होता, म्हणजे इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा असणार (हे मला नंतर कळलं), आणि मी शहाण्याने घरी जाऊन पॉलिशपेपरने घासून घासून तो आरशासारखा केला. पुढच्या रविवारी मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवला. काकांनी चष्मा लावला, बुडाशी नख फिरवलं आणि म्हणाले, "छाप कुठंय?" छाप मीच घासून टाकला होता. त्यानंतर जे ऐकलं ते इथे लिहिता येणार नाही, डॉक्टरांनी तर हसून हसून चहा सांडला. पण पंधरा दिवसांनी काकांनीच त्यांच्याकडचा एक गंजका चाकू आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली माझ्यापुढे सरकवली. "दोन दिवस तेलात ठेव, मग बांबूच्या काडीने गंज काढ. पेपर हातात घेतलास तर इकडे फिरकू नकोस." त्या चाकूचा एक रुपया घेतला त्यांनी, कारण चाकू फुकट दिला की मैत्री कापली जाते असं साहेबाच्या देशात मानतात म्हणे. माझी आजी तरी कुठे हातात चाकू द्यायची, खाली ठेव म्हणायची, भांडणं होतात. सारखंच की.

पावसाळ्यात वेगळीच मजा. आमच्यातल्या तिघांकडे ओपिनेल आहे, फ्रान्सच्या साव्हॉय भागातला चाकू, १८९० पासून बनतोय, त्याची मूठ बीच लाकडाची. पुण्याची जुलैची हवा लागली की लाकूड फुगतं आणि पातं आतच अडकून बसतं, नखाने उघडायला गेलात तर नखच जाईल. मग पातं अडकवून ठेवणारी मुठीवरची गोल कडी सरळ करून मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, पात्याचं टोक आपसूक बाहेर येतं, तिकडच्या लोकांचीच जुनी युक्ती आहे ही. तिघं एकदम टकटक करायला लागले की चहावाला ओरडतो, "अहो आणतोय, आणतोय!"

आणि उन्हाळ्यात कैरी. कार्बन स्टीलच्या पात्याने कैरी कापली की ते निळं-काळं पडतं, मग कोणाचा रंग भारी यावर अर्धा तास वाद. घरचे म्हणतात डागाळला, आम्ही म्हणतो मुरला.

खंडेनवमीला काकांच्या घरी जमतो, पाटावर सगळे चाकू मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं. गेल्या वर्षी पूजा झाल्यावर काकू आल्या, सगळ्यात धार कोणत्याला आहे विचारलं, डॉक्टरांचा उचलला आणि भोपळा चिरायला घेऊन गेल्या. डॉक्टर दर रविवारी विचारतात. अजून परत आलेला नाहीये.