मुलीसाठी घर आत्ताच ‘बांधून’ टाकू का?

प्रश्न : वय ४९, मुक्काम फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. पहिली पत्नी वारली, तिची मुलगी १४ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी दुसरं लग्न झालं आणि आम्ही दोघांनी मिळून रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट, म्हणजे हयातीत केव्हाही बदलता येणारा ट्रस्ट, केला. घर मी ५ लाख डॉलरना घेतलं होतं, आज १२ लाखांचं आहे. माझ्यामागे मुलीच्या वाट्याला धक्का लागू नये म्हणून घर आत्ताच इर्रिव्होकेबल, म्हणजे नंतर बदलता न येणाऱ्या, ट्रस्टमध्ये टाकू का? आमच्यानंतरचा ट्रस्टी म्हणून पुण्याच्या धाकट्या भावाचं नाव घातलंय.

उत्तर : नका टाकू. भीती खरी आहे, औषध चुकीचं आहे.

आज घर कायमचं देऊन टाकलंत, तर उद्या विकायला किंवा कर्ज बदलायला तुमचेच हात बांधलेले. शिवाय अशा देण्यात साधारणपणे तुमची ५ लाखांची खरेदी किंमतच मुलीच्या गळ्यात पडते. तिने घर विकलं की ७ लाखांच्या नफ्यावर कर. तेच घर तुमच्या पश्चात वारसाने मिळालं, तर तुमच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव ही तिची खरेदी किंमत धरतात.

खरी फट दुसरीकडे आहे. तुमच्या ट्रस्टच्या कागदात ‘हयात जोडीदार’ या शब्दांपाशी थांबा. मागे राहणाऱ्याला अख्खा ट्रस्ट बदलायची मुभा दिली असेल, तर मुलीचं नाव एका सहीने पुसता येतं. पत्नीच्या मनात वाईट असेल असं मी म्हणत नाही. वीस वर्षांत माणसं नाही, परिस्थिती बदलते. वकिलाकडून एवढंच करून घ्या : तुमच्या मृत्यूनंतर तुमचा हिस्सा आपोआप न बदलता येणारा व्हावा, पत्नीला तिथे राहण्याचा आणि उत्पन्नाचा हक्क आयुष्यभर, मूळ मालमत्ता मुलीची. तीही अठराव्या वर्षी एकगठ्ठा नको. शिक्षणाला लागतील तसे पैसे आणि बाकीचे पंचविशी-तिशीत, टप्प्याटप्प्याने.

भावाचं नाव मात्र काढा. माणूस सोन्यासारखा असेल, पण ट्रस्टचे महत्त्वाचे निर्णय अमेरिकेबाहेरच्या माणसाकडे गेले की अमेरिकी कर कायदा त्याला परदेशी ट्रस्ट समजतो. मग जादा फॉर्म, आणि ते चुकले तर जबर दंड. तिथलाच कुणी विश्वासू माणूस नेमा, किंवा फी घेऊन हे काम करणारा व्यावसायिक.

आता डीड, म्हणजे घराच्या मालकीचा दस्त, काढून बघा. मालकाच्या जागी अजून तुमचं नुसतं नाव आहे, की ‘ट्रस्टी’ म्हणून? जाडजूड फाइल कपाटात आणि घर ट्रस्टच्या बाहेर, असं मी कितीदा पाहिलंय. मग प्रोबेट, म्हणजे कोर्टामार्फत वारसांकडे मालमत्ता जाण्याची प्रक्रिया, बहुतेकदा आलंच. १२ लाखांच्या घरावर कॅलिफोर्नियाच्या दराने वकिलाची फी २५,००० डॉलर, एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, तोही तेवढीच मागू शकतो, आणि हिशोब करताना कर्ज वजा होत नाही.

शेवटचं, ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्ती खातं. त्यातले पैसे ट्रस्टमध्ये काहीही लिहिलं तरी पत्नीकडेच जातात. मुलीचं नाव लावायचं तर पत्नीची लेखी संमती लागते, नोटरीसमोर किंवा प्लॅनच्या प्रतिनिधीसमोर. तेव्हा वकिलाची वेळ घेण्याआधी एका संध्याकाळी चहा ठेवून पत्नीशी हे बोला. तो फॉर्म तिने पहिल्यांदा नोटरीच्या टेबलावर पाहायला नको.