दुःखात हसू आलं तर?

‘मॅडम, हे जाऊन सहाच महिने झालेत आणि मी पोट धरून हसले,’ असं सांगता सांगता माझ्याकडे आलेल्या एक बाई रडायला लागल्या. ओळख कळू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.

राहायला सोलापूरच्या पूर्व भागात. पती यंत्रमाग कारखान्यात होते, हृदयविकाराने गेले. एकदा जेवताना दिरांनी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतली आठवण काढली: आकाशपाळणा वर गेला तसे दादा डोळे गच्च मिटून ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ हा यात्रेतला जयघोष ओरडत सुटले होते! सगळे हसले, याही हसल्या. तेवढ्यात शेजारीण म्हणाली, ‘लवकर सावरली म्हणायची!’ तेव्हापासून हसू आलं की त्या पदर तोंडाला लावून आत निघून जात. मुलीशीही कामापुरतंच बोलत. ‘मी यांना विसरायला लागले का हो?’ हा त्यांचा प्रश्न.

असा प्रश्न घेऊन अनेकजण येतात, विशेषतः बायका. पुरुष हसला तर ‘धीराचा आहे’ म्हणतात, बाई हसली की तिच्या प्रेमाचं माप काढतात. मला याचा मनापासून राग येतो.

डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांचा 1997 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदार गमावलेली माणसं त्या व्यक्तीबद्दल बोलत असताना त्यांचे चेहरे टिपले होते. बोलताना ज्यांना डोळ्यांपर्यंत पोहोचणारं खरं हसू आलं, त्यांचा मानसिक त्रास कमी आढळला, इतरांशी नातीही बरी होती. त्यांना हसू आलं ते गेलेल्या माणसाबद्दल बोलतानाच, हे मी बाईंना दोनदा सांगितलं.

मग विचारलं, ‘ते कसे होते?’ बराच वेळ त्या बोलत राहिल्या. मध्येच हसल्या, मध्येच डोळे पुसले. मी थांबवलं नाही.

पुढच्या वेळी मुलीलाही बोलावलं. ती म्हणाली, ‘आई, तू हसायची बंद झालीस, मला वाटलं माझ्यावर रागावलीस.’ आईला हे ठाऊकच नव्हतं. रात्री जेवणानंतर दोघींनी बाबांची एखादी आठवण काढायची, असं ठरलं. हसू यायलाच हवं अशी अट नाही. ओढूनताणून हसायला मी दुःखातल्या कुणालाच सांगत नाही.

मात्र झोप, भूक आठवडेच्या आठवडे हरवली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर कधीही मोफत बोलता येतं, मराठीतूनही.