हुक्केरीला निघाले आणि हुबळीच्या गाडीत बसले!

प्रश्न : ताई, मी ४६ ची. माहेर चंदगड तालुक्यातलं, लग्न होऊन बेळगावजवळ उचगाव भागात आले त्याला आता २४ वर्षं झाली. शाळा सगळी पलीकडं महाराष्ट्रात झाली त्यामुळं कन्नड अक्षर कधी गिरवलंच नाही. बोलायला येतंय, बाजारापुरतं, पण वाचायला शून्य. कर्नाटकात बायकांना बस फुकट झाल्यापासून फिरणं वाढलंय, तर गेल्या महिन्यात नणंदेकडं हुक्केरीला जायचं म्हणून बेळगाव स्टँडवर आले, बोर्डाचं पहिलं अक्षर ओळखीचं दिसलं आणि चढले, गर्दी एवढी की कंडक्टर माझ्यापर्यंत यायच्या आधी खिडकीतून हुबळी रस्त्यावरची सुवर्णसौधची, म्हणजे विधानभवनाची इमारत दिसली आणि पोटात गोळाच आला. गाडी हुबळीची! हिरेबागेवाडीला उतरून परत आले. मुलगी अजून हसतेय. शिकायचं मनात आहे पण या वयात डोक्यात बसेल काय? दीर म्हणतात, मराठी माणसानं कशाला कन्नड गिरवायचं.
– उचगाव भागातली एक वाचक

उत्तर : अहो वहिनी, हसू मलाही आलं, पण तुमच्यावर नाही. मी स्वतः ५१ व्या वर्षी शिकले आणि पहिले पंधरा दिवस नातवाची पाटी त्याच्या नकळत वापरत होते, कारण दुकानात जाऊन स्वतःसाठी अंकलिपी मागायची लाज वाटायची. वयाचं म्हणाल तर वय फार आडवं येत नाही, ही लाजच येते.

तुमची चूक तशी खुळ्यागत नाहीच. हुक्केरी आणि हुब्बळ्ळी (आपण हुबळी म्हणतो, बोर्डावर दोनदा जोर देऊन हुब्बळ्ळी असतं), दोन्ही 'हु' नंच सुरू होतात, तुम्ही पहिलं अक्षर बरोबर ओळखलंत की! फक्त पुढं बघितलं नाही. आता हेच दोन शब्द वहीत घ्या, निम्मं कन्नड त्यातच आहे. आपण जोडाक्षर करताना अक्षर अर्धं करून शेजारी चिकटवतो, कन्नडमध्ये पहिलं अक्षर पूर्ण वर राहतं आणि दुसरं बारीक होऊन त्याच्या पायाशी बसतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. हुक्केरीत 'क' च्या खाली बारका 'क', हुब्बळ्ळीत 'ब' खाली 'ब' आणि 'ळ' खाली 'ळ'. गंमत म्हणजे 'ळ्ळि' ची वेलांटी वरच्या 'ळ' ला लागते, म्हणायची मात्र दोन्ही 'ळ' झाल्यावर. मी इथं आठवडाभर अडकले होते. म्हणजे स्टँडवर लांबून एवढंच बघायचं, पायाशी बसलेली अक्षरं किती. एक असेल तर नणंदेकडं, दोन असतील तर सुवर्णसौध.

दुसरी गोष्ट शेपटीची. आपल्याकडं 'ए' एकच, त्यांच्याकडं ऱ्हस्व वेगळा दीर्घ वेगळा. बेळगावी मधला 'बे' ऱ्हस्व, हुक्केरीतला 'के' दीर्घ, म्हणून त्याच्यामागं एक शेपटी असते. तीच शेपटी 'की' ला, तीच 'को' ला, एकदा डोळ्यात बसली की झालं. रफार डोक्यावर शोधू नका, तो अक्षराच्या उजवीकडं येतो, 'कर्नाटक' शब्दात बघा, 'ना' च्या नंतर. आणि अनुस्वार म्हणजे टिंब नाही, अक्षरानंतर एक पोकळ गोल, बेंगळूरूच्या बोर्डावर दिसेल.

अक्षरं ४९, क्रम आपलाच, क ख ग घ, शेवटी ळ सुद्धा आहे. त्यामुळं बालवाडीसारखं 'अ' पासून सुरू करू नका असं माझं मत, कंटाळा येतो आणि वही 'ऊ' वर बंद पडते. गावांची नावं घ्या, कारण काय लिहिलंय ते तुम्हाला आधीच माहीत असतं. पहिल्यांदा गोकाक (एकच 'क' दोनदा, एकदा कान्यासकट), मग खानापूर, मग निपाणी, जी त्यांच्या बोर्डावर निप्पाणी होते, आणि चिकोडीची चिक्कोडी. रोज दोन नावं, दहा-दहा वेळा, पेनानं. नुसतं बघून येत नाही, मी मोबाईलवर व्हिडिओ बघत महिना घालवला आणि 'प' 'व' 'म' मधला फरक लिहायला लागल्यावरच कळला. बोर्ड वाचता यायला मला अडीच महिने लागले, पेपरचा मथळा अजून अडखळत वाचते.

मुलगी हसतेय ना, तिलाच बसवा शेजारी. तिची शाळा इथलीच झाली असेल तर तिला येत असणार.

आता दीर. माझ्या घरातही १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापना दिवशी, निषेधाची काळी फीत लावणारे आहेत, त्यामुळं त्यांचं दुखणं मला कळतं. पण सीमाप्रश्न १९५६ पासून आहे, तो तुमच्या दोन रुपयांच्या पेन्सिलीनं इकडचा तिकडं होणार नाही. मी सकाळी मराठीच पेपर वाचते आणि दुपारी बसचा बोर्ड कन्नड वाचते, चहाची चव काय बदललेली नाही. फार बोलले तर त्यांना एकदा एकट्याला हुक्केरीला पाठवा.

तुम्ही लिहिलं नाही पण विचारते, बचत गटात असाल तर ठरावाचं पुस्तक कन्नडच असेल ना? तुमच्याकडून सह्या करून घेत असतील. तर तोवर एक करा, सही करायच्या आधी "ओदि हेळ्री" म्हणा, म्हणजे वाचून सांगा, आणि वाचून होईपर्यंत पेन हातात घेऊ नका. आकडा तेवढा स्वतः बघा. कन्नड आकडे दहाच आहेत, ते या रविवारीच उरकून टाका.