बाबांना टेनिस जास्त आवडायचं की मी?

आलेलं पत्र थोडक्यात: "ताई, मिस्टर जाऊन चौदा महिने झाले. नोकरी सांभाळून रोज पहाटे टेनिस खेळायचे, क्लबात सगळ्यांचे लाडके. आता क्लब त्यांच्या नावाने टूर्नामेंट ठेवतोय आणि बक्षीस आमच्या सहा वर्षांच्या लेकीच्या हातून द्यायचं म्हणतायत. सासूबाईंनी हॉलमध्ये ट्रॉफ्यांचं कपाट केलंय. लेक मात्र क्लबचं नाव काढलं की आतल्या खोलीत पळते. परवा विचारते, बाबांना टेनिस जास्त आवडायचं की मी? मला बोलताच आलं नाही. (शोकसभेत मित्र हसत सांगत होते, सेट पाच-पाचवर असला तरी हा सव्वासातला रॅकेट बॅगेत टाकून पळायचा, लेकीची स्कूलबस असायची.) काय करू?"

अगं, तिच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे आणि तू ते चक्क कंसात टाकलंयस! पाच-पाचला सेट सोडून जाणारा टेनिसवाला मी तरी पाहिला नाही, आमच्या सोसायटीत लोक कॅरमचा बोर्ड अर्धा सोडून उठत नाहीत. आज रात्री झोपवताना हेच सांग तिला. पाच-पाच म्हणजे काय ते तिला कळणार नाही, मग समजाव की अजून दोन गेम घेतले असते की सेट जिंकले असते बाबा, पण बस यायची वेळ झालेली.

तुझ्या मिस्टरांना आर्थर अ‍ॅश नक्की माहीत असणार. 1975 ला जिमी कॉनर्सला हरवून विम्बल्डन जिंकलेला, ते जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष. हार्टच्या ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून त्याला एचआयव्ही झाला, 1988 ला कळलं, आणि घरच्यांसाठी त्याने ते बाहेर फुटू दिलं नव्हतं. 1992 च्या एप्रिलमध्ये एका पेपरला कुणकुण लागली म्हणून शेवटी सगळ्यांसमोर सांगावं लागलं. सगळं शांतपणे वाचत होता, लेकीचा उल्लेख आला आणि आवाजच फुटेना, तेवढा भाग मग बायकोने, जीनने, वाचला. लेकीचं नाव कॅमेरा, कारण जीन फोटोग्राफर! 1993 च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती, तुझ्या लेकीएवढीच.

आणि त्याची स्वतःची आई गेली तेव्हा तोही सहाच वर्षांचा होता बघ. त्याच्याकडे आयुष्यभर काय उरलं तर तो नाश्ता करतोय आणि निळ्या गाऊनमधली आई दारात उभी आहे, एवढंच. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाचं तेवीस हजार सीट्सचं स्टेडियम आहे, ते जगासाठी ठीक. जीनने लेकीसाठी काय केलं, तर घरातले त्या दोघांचे फोटो काढून छोटं पुस्तक केलं, बाबाचे बरे दिवस, आजारी दिवस, सगळं त्यात.

तेव्हा कपाट राहू दे, ते सासूबाईंचं आहे, त्यांचाही मुलगा गेलाय, त्यावरून वाद नको घालूस. एक कप्पा मात्र लेकीला माग, त्यात तिला हवं ते ठेवू दे, बसचा पास ठेवला तरी चालेल.

बक्षीस देण्याला सरळ नाही म्हण. क्लबवाल्यांचं प्रेम खरं आहे पण तिला स्टेजवर उभं करून सगळ्यांचे डोळे पुसायचे, हे काही तिचं काम नाही. त्यापेक्षा त्या मित्रांना एखाद्या रविवारी घरी पोह्यांना बोलाव आणि आधीच बजाव की बॅकहँडच्या गोष्टी नकोत, खेळून झाल्यावर बाकावर बसून तो लेकीबद्दल काय बोलायचा ते सांगा. पुरुष अशा वेळी बोलतात गं घरचं, आपल्याला कळत नाही इतकंच. तू स्वयंपाकघरातच राहिलीस तरी चालेल, रडू आलं तर येऊ दे, तिच्यापासून लपवू नकोस.

झोप, जेवण बिघडलं किंवा शाळेत अगदीच गप्प राहायला लागली तर चाइल्ड काउन्सेलरकडे ने, त्यात कमीपणा काही नाही.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या व्हॉइस नोट्स असतील ना, "दूध आणू का" वगैरे, त्या आजच काढून दोन ठिकाणी सेव्ह कर. फोनचा काय भरवसा!