एक्स-रे नॉर्मल आहे, तरी तीन महिने बोलिंग बंद?

15 वर्षांचा मुलगा, उजव्या हाताने फास्ट बोलिंग करतो, कमरेत डावीकडे महिनाभर दुखतंय, एक्स-रे नॉर्मल. तरी डॉक्टर एमआरआय करा, तीन महिने बोलिंग बंद म्हणताहेत. हे जरा अतीच होतंय का, असं तुम्ही विचारलंय. मी खेळाडूंची फिजिओथेरपिस्ट आहे. मला यात काहीच अती वाटत नाही.

तुम्ही लिहिलेली ती डावी बाजूच मला खटकली. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा पुढचा पाय आदळतो त्या क्षणी कंबर मागे कलते, बाजूला झुकते आणि वळतेही, सगळं एकदम. हा भार मणक्याच्या मागच्या भागातल्या हाडाच्या एका अरुंद पट्टीवर येतो, त्यातही जास्त करून डाव्या. बहुतेकदा कमरेच्या सर्वांत खालच्या, एल-5 मणक्यावर. या वयात हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. आजची झीज भरून निघायच्या आत उद्याची नेट प्रॅक्टिस सुरू झाली की तिथे आधी सूज येते, मग बारीक चीर पडते, म्हणजेच स्ट्रेस फ्रॅक्चर. जिम्नॅस्ट आणि भालाफेकपटूंनाही हे होतं.

ही सुरुवातीची अवस्था साध्या एक्स-रेवर बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये चीर पडण्याआधीची सूजही कळते, आणि तेव्हाच सापडलं तर हाड जुळून येण्याची शक्यता चांगली असते. जुनी, रुंदावलेली चीर सहसा जुळत नाही. दोन्ही बाजूंना पडली तर मणका पुढे सरकू शकतो (सगळ्यांचा सरकत नाही, लगेच घाबरू नका).

खरी परीक्षा पुढेच आहे. काही आठवड्यांत दुखणं थांबेल आणि मुलगा म्हणेल, "मी एकदम फिट आहे." पण दुखायचं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नाही. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर पॅट कमिन्स 2011 मध्ये 18व्या वर्षी पहिली टेस्ट खेळला, दुसरी थेट 2017 मध्ये. मधल्या वर्षांत पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने त्याला वारंवार बाहेर बसवलं.

बंद म्हणजे अंथरुणात पडून राहणं नव्हे. चालणं, पोटाचे आणि नितंबांचे व्यायाम फिजिओच्या देखरेखीखाली चालतात. कंबर मागे वाकवणं, उड्या मारणं नाही. पट्टा बांधून "हळू टाकतो" हेही नाही. परतल्यावर चेंडू मोजा, शाळा, क्लब आणि अकॅडमीचे मिळून एकाच वहीत. प्रत्येक कोचला फक्त आपलीच षटकं दिसतात!

मात्र पायात मुंग्या आल्या, ताकद कमी वाटली, ताप आला किंवा रात्री दुखण्याने झोपमोड व्हायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटतोय असं वाटलं तर सरळ इमर्जन्सीत न्या.