सोलापुरात शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलांसाठी वडिलांच्या स्मरणार्थ काय करावं: स्पर्धा की शिष्यवृत्ती?

तुम्ही लिहिलंय की वडील गाण्याचे वेडे होते, त्यांच्या नावानं दरवर्षी लाखभर रुपये बाजूला काढायची तयारी आहे, आणि सोलापुरातल्या होतकरू मुलांसाठी गायनस्पर्धा घ्यावी की शिष्यवृत्ती द्यावी हे ठरत नाहीये. मी इथल्या एका छोट्या न्यासाचं काम गेली अकरा वर्षं बघतोय. गाणं शिकणाऱ्या मुलांना आम्ही बैठकीत गायला बसवतो आणि जाणत्या गायकांपुढे नेतो. तेवढ्या अनुभवावर सांगतो: स्पर्धा घेऊ नका.

स्पर्धेत मुलाच्या वाट्याला सात-आठ मिनिटं येतात. तेवढ्यात आलाप उरकायचा, बंदिश मांडायची आणि परीक्षकांसमोर ताना मारायच्या. मग मुलं सात मिनिटांचाच राग बसवतात आणि तोच घेऊन चार ठिकाणी जातात. आम्हीही पहिली दोन वर्षं स्पर्धाच घेतली. ढाली वाटल्या, पेपरात फोटो आले. तिसऱ्या वर्षी आधीच्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलाला म्हटलं, आज घड्याळ नाही, अर्धा तास गा. दहाव्या मिनिटाला त्याच्याकडचं सगळं संपलं. पोराचा काडीचा दोष नव्हता, आम्ही त्याच्याकडे तेवढंच मागत आलो होतो.

आता महिन्यातून एका रविवारी सकाळी बैठक असते. दोन मुलं, प्रत्येकी चाळीस मिनिटं, समोर सतरंजीवर पन्नासेक माणसं. माईक नाही. तबल्याला आणि पेटीला मुरलेले साथीदार, आणि त्यांना व्यवस्थित मानधन. पैसा सगळ्यात आधी या साथीदारांवर घाला असं मी आग्रहानं सांगेन. का ते सांगतो.

शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी आमच्याकडे आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. घरी तेलुगू, शाळा मराठी, आई विड्या वळते. पहिल्या बैठकीत तिनं अहिर भैरव घेतला, विलंबित एकतालात. बारा मात्रांचं लांबलचक आवर्तन. आलाप छान रंगला, आणि त्या नादात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे तेच तिला कळेना. चेहरा उतरला, बोटं मांडीवर मात्रा शोधायला लागली. तबल्याला बसलेल्या काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आवर्तनाच्या शेवटचं ‘धागे तिरकिट’ जरा ठळक, मोकळं वाजवलं आणि किंचित मान हलवली. तिनं मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलला आणि नेमकी समेवर आली. पुढच्या रांगेतून दोन-तीन आजोबांची ‘वा!’ आली. त्यानंतरची वीस मिनिटं ती वेगळीच गायली. मोबाइलवरच्या ठेक्याबरोबर तिनं वर्षभर रियाज केला होता, पण तो ठेका तिच्याकडे बघत नव्हता.

मार्गदर्शनाबद्दल एक पथ्य पाळा. मुलाची तालीम ही त्याच्या गुरूंची. आपण बाहेरून गायक बोलावतो तेव्हा आधी गुरूंना जाऊन भेटायचं, त्यांची परवानगी घ्यायची, शक्य असेल तर त्यांनाही समोर बसवायचं. आमच्याकडे दोन महिन्यांतून एकदा बाहेरगावचे ज्येष्ठ गायक येतात. ते मुलांचं गाणं पूर्ण ऐकतात, मग श्वास, दमसास, रागाची मांडणी, कुठे घाई होते, एवढंच बोलतात. गायकी बदलायला जात नाहीत. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांना तर त्यांनी फार सांभाळलं. तार सप्तकातल्या उंच सुरांचा हट्ट सोडायला लावला, खर्जाचा म्हणजे खालच्या सुरांचा रियाज दिला, आणि त्या वर्षभरात मुलांना गायला न बसवता तानपुऱ्यावर साथीला मागे बसवलं. मागे बसून ऐकलेलं फार खोल उतरतं.

शिष्यवृत्ती द्यायचीच असेल तर वय बघून द्या. केंद्र सरकारच्या सीसीआरटीची (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची) शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांना मिळते. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची योजना १८ ते २५ वयासाठी आहे, त्यात दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये मिळतात. ज्याची पहिली हुकली त्याला मधल्या वर्षांत या दोन्हींतून काही नाही, आणि नेमकी तीच दहावी-बारावीची वर्षं. घरचे म्हणतात, आता दोन वर्षं गाणं बंद. ती दोन वर्षं संपत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचे पैसे १४ ते १८ च्या मुलांसाठी ठेवा, आणि रोख देण्यापेक्षा खर्च उचला: गुरूंची फी, आणि तालमीला जायचं भाडं. आमचा एक मुलगा पंधरा दिवसांतून एकदा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातो आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परततो. त्याचं गाणं त्या तिकिटावर टिकलंय.

कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी १९७७ पासून मुलांना गुरूंच्या सहवासात ठेवून शिकवते. तसं करायची आपली ऐपत नाही, आणि सोलापूरला त्यावाचून अडतही नाही. एका बाजूला पुणे, एका बाजूला मिरज, खाली हुबळी-धारवाड. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी संगीतसभा होते, तिथे आम्ही मुलांना नुसतं ऐकायला नेतो.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. रियाजाला जागा. वर सांगितलेल्या मुलीच्या घराखाली यंत्रमाग आहेत. दिवसभर खडखडाट, रात्री लहान भावंडं झोपलेली. तिला षड्ज लावायला शांत कोपराच नव्हता. आम्ही एका शाळेला विनंती करून पहाटे साडेपाच ते सातपर्यंत एक वर्ग मिळवला. आज तिथे सहा मुलं येतात. किल्ली आणि विजेचं बिल एवढाच खर्च.

वेगळा ट्रस्ट काढायची घाई करू नका. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलले की द्यायचे बदल अर्ज यांतच पहिली दोन वर्षं जातील. चालू संस्थेबरोबर वडिलांच्या नावाची बैठक सुरू करा. आमच्याबरोबर केलीत तर आनंदच, दुसऱ्या कुणाबरोबर केलीत तरी तेवढाच.

आणि यंदाच्या लाखातली पहिली खरेदी तानपुऱ्यांची करा. एक मुलग्यांसाठी काळी एकला, एक मुलींसाठी काळी चारला, म्हणजे पेटीच्या त्या-त्या काळ्या पट्टीच्या सुरात लागणारा. मिरजेला जाऊनच घ्या आणि कुणीतरी गाणारं सोबत न्या, जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, कानानंच पारखावी लागते. तिथे तानपुऱ्याला लागणारा भोपळा आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातो. तानपुऱ्यांवर वडिलांचं नाव बारीक अक्षरात कोरून घ्या आणि ते त्या पहाटेच्या वर्गात आणून ठेवा.