दुधाचा डिंक चिकटतो कशामुळे?

प्रश्न : माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी दूध व्हिनेगरने नासवले आणि चोथ्यात खाण्याचा सोडा मिसळून डिंक बनवला. पनीर कागदाला चिकटत नाही, मग हा डिंक कसा चिकटतो? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : गाईच्या दुधातील सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन असते. त्याचे सूक्ष्म कण ऋणभारित असल्यामुळे एकमेकांना दूर लोटत दुधात तरंगत राहतात. व्हिनेगरमुळे सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आम्ल वाढले की तो उतरतो) ४.६च्या आसपास उतरला, की हा भार नाहीसा होतो, कणांतील कॅल्शियम फॉस्फेट विरघळून निवळीत जाते आणि केसीनचा साका होतो. हा साका, पनीरप्रमाणेच, पाण्यात विरघळत नाही, म्हणून कागदाच्या तंतूंत शिरत नाही. खरी किमया सोड्याची आहे. तो उरलेले आम्ल उदासीन करतो, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो, आणि केसीनपासून पाण्यात विरघळणारे सोडियम केसीनेट बनते. त्याचे लांब रेणू तंतूंमध्ये पसरतात आणि पाणी उडून गेल्यावर तेथेच घट्ट अडकतात. दूध साय काढलेलेच घ्यावे, कारण स्निग्धांश चिकटण्याच्या आड येतो. सोड्याऐवजी चुना वापरल्यास कॅल्शियम केसीनेट बनते, जे ओलाव्याला सहज दाद देत नाही. पहिल्या महायुद्धातील लाकडी विमानांचे सांधे अशाच केसीनच्या डिंकाने जोडत. मुलीचा डिंक मात्र लवकर नासेल, तेव्हा लागेल तेवढाच करावा.